सात दिवसांची शिक्षा

ॲडव्होकेट हेमचंद्र सेलूकरांना खटला लढवण्यापेक्षा मिटवण्यात जास्त गोडी होती, आणि हे ते स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगत. औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. जिना इतका उभा की पक्षकार वर पोचेपर्यंत धापा टाकत निम्मा खचलेला असायचा. अठ्ठावीस वर्षांच्या वकिलीत नाव फार मोठं झालं नव्हतं, पण खराबही झालं नव्हतं. ज्या कैद्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकार मोफत वकील देतं, त्या वकिलांच्या यादीत सेलूकर होते. आणि तुरुंगातल्या अदालतीच्या दिवशी तर त्यांच्याशिवाय पान हलत नसे.

ही अदालत म्हणजे काय, तर महिन्यातल्या एका शनिवारी न्यायाधीश स्वतः तुरुंगात येऊन बसतात. बारीकसारीक गुन्ह्यांतले कैदी एकामागून एक समोर येतात, गुन्हा कबूल म्हणतात आणि थोडक्यात सुटतात. बहुतेक जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचाच आहे असे. कुणी मोबाइल चोरलेला, कुणी दुचाकी पळवलेली. शिक्षा झाली असती त्याहून जास्त दिवस ते आधीच आत काढून बसलेले असतात. म्हणून कबूल म्हटलं की 'भोगली तेवढी शिक्षा पुरे' असा हुकूम होतो आणि माणूस दिवेलागणीला घरी जातो. सेलूकरांनी अशी शेकडो माणसं घरी धाडली होती. त्यांचा सल्ला ठरलेला, चार शब्दांचा: "कबूल म्हण, मोकळा हो."

तोच सल्ला त्यांनी कडुबा ताठेला दिला, आणि माती खाल्ली.

कडुबा कच्चा कैदी नव्हता. सिल्लोडकडच्या एका खेड्यातला हा शांत स्वभावाचा माणूस, पण कुणाच्या तरी वरातीत बाचाबाची झाली, यानं एकाच्या डोक्यात काठी घातली आणि तो दगावला. दहा वर्षं लागली. त्यातली साडेसात त्यानं काढली होती. आता तुरुंगात असा नियम आहे की कैदी नीट वागला, नेमून दिलेलं काम करत राहिला, तर दर महिन्याला त्याच्या शिक्षेतले काही दिवस कापले जातात. याला आतले लोक माफी म्हणतात. कडुबा सुतारकामाच्या कारखान्यात होता. रंधा मारून मारून त्यानं दोन वर्षं चार महिन्यांची माफी मिळवली होती. त्या हिशेबानं तो येत्या अठरा मार्चला सुटणार होता.

त्याची बायको दीपमाला वाळूजला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. मुलगी संस्कृती. बाप आत गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता तेरावं लागलं होतं. डिसेंबरातल्या मुलाखतीत, म्हणजे घरच्यांच्या भेटीत, कडुबानं जाळीपलीकडून तिला सांगितलं, "अठरा मार्चला मी घरी. बापाचा शब्द हाय." पोर हुरळली. शाळेत मैत्रिणींना सांगून मोकळी झाली.

कडुबाच्या वाटेत एकच काटा होता. दोन वर्षांपूर्वी आंघोळीच्या हौदावर सत्यम नावाच्या एका कैद्यानं त्याची भरलेली बादली लाथेनं पालथी केली होती. कडुबाचं डोकं फिरलं. हातातला जर्मनचा मग त्यानं सत्यमच्या कपाळावर हाणला. तीन टाके पडले. तुरुंगानं फिर्याद दिली आणि खटला तारखांवर तारखा खात पडून राहिला.

जानेवारीतल्या अदालतीत ती फाईल निघाली. त्या दिवशी सेलूकरांच्या काखेत एकतीस फायली होत्या. कडुबा समोर उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"साहेब, मारलं तर हाय मी," तो म्हणाला. "खोटं कशापायी बोलू? पन कबूल म्हणलं तर माझ्या माफीला धक्का नाय ना लागनार? तेवढं बघून सांगा."

सेलूकर पुढच्या फायलीतलं नाव शोधत होते. मान वर न करताच म्हणाले, "काही धक्का लागत नाही. खटला डोक्यावर ठेवून बाहेर पडलास तर वर्षानुवर्षं खेटे घालत बसशील. कबूल म्हण, मोकळा हो."

"बघून सांगताव ना?"

"अरे, अठ्ठावीस वर्षं दुसरं काय करतोय मी?"

त्यांनी बघितलं नव्हतं. ज्या नियमाबद्दल तो गरीब माणूस नेमकं विचारत होता, तो नियम त्यांनी आयुष्यात कधी उघडून वाचला नव्हता, कारण त्यांच्या कच्च्या कैद्यांना माफी नावाची भानगडच नसते. पण 'मला माहीत नाही, सोमवारी सांगतो' हे वाक्य वकिलाच्या तोंडून निघायला फार जड असतं. ते निघालं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारलं, कबुली स्वखुशीनं देतोस का, कुणाचा दबाव आहे का. कडुबानं एकदा सेलूकरांकडं बघितलं आणि म्हणाला, "खुशीनं, साहेब." सात दिवसांची साधी कैद झाली. सात दिवस! सेलूकरांना हुरूपच आला. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "तीन टाक्यांना सात दिवस. दुसरा असता तर सहा महिने घेऊन बसला असता."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दीपमाला जिना चढून आली. कँटीनचा ॲप्रन तसाच अंगावर, पदराला पीठ लागलेलं.

"साहेब, तारीख पुढं गेली म्हणतेत. माफी कापली म्हणं सगळी. आता दोन वर्षं चार महिने आनखी बसावं लागंल."

सेलूकर हसले. "कुणी सांगितलं? सात दिवस आहेत ते. चुकून ऐकलं असेल तुम्ही."

तिनं हातातला तुरुंगाचा कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला. माफी रद्द झाल्याचा हुकूम होता, शिक्क्यासकट. तिला पाणी द्यायला सांगून ते आतल्या खोलीत गेले, कपाटातून तुरुंगाच्या नियमांचं जाडं पुस्तक काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. नियम मात्र अगदी साध्या भाषेत होता: तुरुंगात असताना केलेल्या मारहाणीबद्दल कैद्याला कोर्टानं दोषी ठरवलं, तर त्याची आजवरची माफी रद्द करता येते. शिक्षा सात दिवसांची की सात वर्षांची, याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं. दोषी ठरला, एवढं बास होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खटल्याची फाईल मागवून प्रथमच नीट चाळली, तेव्हा तर कपाळावर हात मारायची पाळी आली. मार खाल्लेला सत्यम कधीच सुटून गेला होता, आणि त्याच्या पत्त्यावर समन्स तीनदा परत आलं होतं. बघणाऱ्यांपैकी कुणी जबाब द्यायला तयार नव्हतं. कडुबानं नुसतं तोंड मिटून ठेवलं असतं तरी तो खटला आपसूक कोसळला असता.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी आतल्या खोलीतून बाहेर येऊन त्यांनी दीपमालाला काय सांगितलं, ते ऐका. म्हणाले, "कागदपत्रांत काहीतरी घोळ झालेला दिसतो. मी अर्ज करतो."

"करा साहेब," ती म्हणाली. "तुमच्याबिगर कोन हाय आमाला?"

घोळ झालेला दिसतो. कुणी केला, हे त्या वाक्यात कुठंच नव्हतं. सेलूकरांनी ते वाक्य मुद्दाम असं बांधलं नव्हतं. ते तसंच तोंडातून आलं, आणि एकदा आल्यावर ते त्यातच राहायला गेले.

अठरा मार्च आला आणि गेला. काय झालं ते दीपमालानं त्यांना पुढच्या खेपेला सांगितलं. तारीख पुढं गेल्याचं तिनं पोरीला सांगितलं होतं, पण पोरीचा विश्वास बसला नव्हता. बापानं शब्द दिला होता ना. ती त्या दिवशी शाळेत गेली नाही. सकाळपासून खोलीच्या पायरीवर बसली, दुपारी जेवायला उठली, पुन्हा येऊन बसली. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आत आली आणि म्हणाली, "बाबा खोटं बोलतात." त्यानंतर ती मुलाखतीला गेली नाही. दीपमाला एकटीच जायची आणि पोरीला ताप आहे, पोरीची परीक्षा आहे असं काहीबाही सांगायची.

सेलूकरांनी अर्ज केले. नाही केले असं कुणी म्हणू शकणार नाही. एक तुरुंगाकडं, एक वरिष्ठांकडं, एक थेट मंत्रालयात. कैद्याची वागणूक उत्तम आहे, सुतारकामात त्यानं बक्षीस मिळवलं आहे, पत्नी कष्टकरी आहे, मुलगी अजाण आहे, तरी दया व्हावी. उत्तर यायला तीन-तीन महिने लागत आणि उत्तर एकच असे: कबुलीवरून दोष सिद्ध झाला आहे, सबब विचार करता येत नाही.

मधूनमधून ते कडुबाला भेटायला जात. ते येताना दिसले की कडुबा उठून उभा राहायचा आणि हात जोडायचा. "तुमी हायेत म्हनून धीर हाय, साहेब." सेलूकरांना त्या वेळी हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून परतीच्या वाटेवर स्वतःची किळस यायची. याला काहीच कळलेलं नाही, असं ते स्वतःला सांगत. शिकलेला नाही, नियम ठाऊक नाही, कळणार कसं? आणि कळलं नाही तर दुखणारही नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला मुद्दे कमी पडत नाहीत, आणि हे तर वकील.

डिसेंबरात त्यांनी चौथा अर्ज लिहायला घेतला. त्यांचे मराठी अर्ज त्यांची बायको शैलाबाई तपासायच्या. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर लाल पेन चालवायला घरात नवऱ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी अर्ज एकदा वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"अहो, यात सगळं आहे. त्याची वागणूक आहे, बायको आहे, मुलगी आहे. पण त्याला कबूल म्हणायला कुणी सांगितलं, ते कुठंच नाही."

"त्याची गरज नाही."

"गरज नाही, का सोय नाही?"

सेलूकरांनी कागद ओढून घेतला. "तुला कायद्यातलं काय कळतं?"

"कायद्यातलं नाही कळत," शैलाबाई म्हणाल्या. "पण दहा महिने तुम्ही रात्री झोपत नाही, एवढं कळतं. आणि ती पोर पायरीवर बसली होती ते तुम्हीच मला सांगितलंत. मी विचारलं नव्हतं."

त्या आत निघून गेल्या. सेलूकरांना त्यांचा राग आला, आणि तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौथा अर्ज फाडला आणि ती शिक्षाच रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात दाखल करायचं प्रतिज्ञापत्र लिहायला बसले. इंग्रजीत, मोजून अकरा ओळी. आरोपीनं मला थेट प्रश्न विचारला होता. मी नियम न वाचता त्याला चुकीचं उत्तर दिलं. माझ्या शब्दावर विसंबून त्यानं कबुली दिली. इंग्रजीत लिहिताना ते तितकं बोचलं नाही. परक्या भाषेत माणूस स्वतःलाही परका वाटतो.

न्यायमूर्तींनी ते वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून देताय?"

"होय, माय लॉर्ड."

आणखी तारखा पडल्या, सरकार पक्षाचं म्हणणं आलं, पण शेवटी कोर्टानं सांगितलं की परिणाम ठाऊक नसताना दिलेली ही कबुली धरता येणार नाही. सात दिवसांची शिक्षा रद्द झाली, माफी परत जमा झाली आणि मेच्या मध्यावर कडुबा बाहेर आला. अठरा मार्चनंतरचे चौदा महिने मात्र कुठल्याच हुकुमानं परत येणार नव्हते. त्यातले नऊ सेलूकरांनी आपलं नाव झाकण्यात घालवले होते. वकिलांच्या खोलीत उलट दोघा-तिघांनी त्यांचा हात हातात घेतला. असं धाडस कोण करतं हल्ली, म्हणाले. सेलूकरांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

सुटल्यावर आठ दिवसांनी कडुबा औरंगपुऱ्यात आला. मेव्हण्याचा शर्ट खांद्यावर ढगळ लोंबत होता. खुर्चीत बस म्हटलं तरी तो आधी उभाच राहिला, मग कडेवर टेकला. सेलूकरांनी दार लोटलं.

"कडुबा, तुला एक सांगायचंय. तुझी माफी गेली ती कागदांच्या घोळानं नाही. ती..."

"तुमच्या सांगन्यानं गेली. ठाव हाय, साहेब."

"कुणी सांगितलं? कधी?"

"शिक्षा झाली त्याच सांजच्याला. जेलरसाहेब म्हनले, येड्या, कबूल कशाला म्हणलास? वकिलानं सांगितलं नाय का तुला?"

"म्हणजे माझ्याआधी तुला ठाऊक होतं! आणि इतके महिने एक शब्द बोलला नाहीस? उलट मला हात जोडत होतास!"

"मंग काय करू?" कडुबाचा आवाज चढला नाही. "तुमाला बोललो असतो आन् तुमी रुसला असता, तर अर्ज कोन करनार व्हतं? दुसरा वकील कुटून आनू? आत बसल्याला मानसाला राग परवडत नाय, साहेब. एकदा आला व्हता हौदावर. तेचं काय झालं ते तुमी बघितलंच की."

जो नमस्कार सेलूकर भाबडेपणाचा समजत होते, तो भीतीचा नमस्कार होता. आणि त्या भीतीवर ते वर्षभर निवांत बसले होते. त्यांना रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेही आलं नाही.

"काय करू मी तुझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

कडुबा जणू याच प्रश्नासाठी जिना चढून आला होता. "पोरगी बोलत नाय माझ्याशी. ताट देती, पानी देती, पन बोलत नाय. मी सांगून बघितलं, तारीख खरी व्हती, वकिलाकडून चुकलं. तर म्हनती, आता वकिलावर ढकलू नका. तुमी चला. तुमच्या तोंडून आयकू द्या तिला. बास, तेवढंच."

खंडपीठासमोर उभं राहणं सोपं होतं, असं सेलूकरांना त्या क्षणी वाटलं. पण नाही म्हणायला आता त्यांच्याकडं तोंडच नव्हतं.

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून वाळूजला गेले. कडुबा नाक्यावर येऊन उभा होता. मागं बसून त्यानं गल्ली दाखवली. एका रांगेत सहा खोल्या, मधली यांची. दीपमालानं घाईनं सतरंजी टाकली आणि चहाचं आधण ठेवलं. संस्कृती खिडकीपाशी वही घेऊन बसली होती. उंच झालेली, दोन वेण्या, बापासारखंच रुंद कपाळ. तिनं मान हलवून नमस्कार केला आणि पुन्हा वहीत बघू लागली. कडुबा भिंतीला टेकून खाली बसला.

"बाळ," सेलूकरांनी सुरुवात केली, "तुरुंगाच्या नियमांत एक तरतूद असते, की शिक्षा भोगत असताना जर..."

ती शाळेतल्या कंटाळवाण्या तासाला बसावं तशी ऐकत होती. सेलूकर थांबले. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी मराठीत, साध्या मराठीत बोलले.

"तुझ्या बाबांनी तुला सांगितलेली तारीख खरी होती. ते अठरा मार्चला येणारच होते. त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती, बघून सांगा म्हणाले होते. मी बघितलंच नाही. तसंच ठोकून दिलं. त्यामुळं ते अडकले. बाबा खोटं बोलले नाहीत. मी बोललो."

संस्कृतीनं वही मिटली. बापाकडं एकदा बघितलं, मग सेलूकरांकडं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"म्हणजे अठरा मार्चच्या आधी."

"हो."

"मग तेव्हाच येऊन का नाही सांगितलं? मी वर्षभर मुलाखतीला गेले नाही. आई म्हणायची चल, तरी नाही गेले."

अठ्ठावीस वर्षांत सेलूकरांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, ज्याच्या उत्तराला तारीख मागून घेता येत नाही. "लाज वाटली," ते म्हणाले. "माझी चूक आहे हे कुणाला कळू नये, असं वाटलं."

पोरगी बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

"मला पण लाज वाटली. मी सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, बाबा येणारेत. ते आलेच नाहीत. सगळ्या विचारायला लागल्या. मग मी सांगितलं, वारले."

दीपमालाचा हात गाळणीवर तसाच थांबला. हे तिलाही नवीन होतं.

"मॅडमनी तास थांबवला," संस्कृती म्हणाली. "वर्गानं दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मी पण उभी राहिले."

भिंतीला टेकलेल्या कडुबानं हळूच विचारलं, "कवा सांगितलंस गं?"

"एकोणीस मार्चला."

सेलूकर सतरंजीवर बसून राहिले. जा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि थांबा म्हणूनही नाही.